नकाशाची दुरुस्ती : फाइल की डेटाबेस?

मोजणीची वही

१८०० सालाच्या अखेरीस विल्यम लॅम्बटन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने बंगळूरजवळ साखळीने जमीन मोजून सुमारे साडेसात मैल लांबीची एक आधाररेषा निश्चित केली. पुढे १८०२ मध्ये मद्रासजवळ दुसरी आधाररेषा मोजली गेली आणि हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे प्रचंड काम सुरू झाले. लॅम्बटनचा मृत्यू १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे झाला. तोवर सर्वेक्षणाचे त्रिकोण दक्षिणेकडून थेट विदर्भापर्यंत येऊन पोचले होते.

या साऱ्या कामाचा आधार म्हणजे मोजणीची वही. कोणत्या टेकडीवरून कोणत्या खुणेकडे पाहिले असता किती अंशांचा कोन मिळाला, हे त्या वहीत ओळीमागून ओळ लिहिले जाई. लिहिणारे हात मोजके होते, ते शिकवून तयार केलेले होते, आणि एका पानावर एका वेळी एकच माणूस लिहीत असे. त्यामुळे वही पुरेशी होती.

त्याच बंगळूरच्या दक्षिण भागात जयप्रकाश नारायण यांच्या नावाने ओळखली जाणारी जे. पी. नगर ही वसाहत आहे. या वसाहतीचा नकाशा आज केवळ सरकारी सर्वेक्षक तयार करीत नाहीत. २००४ मध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी ब्रिटनमध्ये ‘ओपनस्ट्रीटमॅप’ नावाचा एक उपक्रम सुरू केला. त्यात खाते उघडून कोणीही नागरिक संगणकावरून नकाशात भर घालू शकतो व असलेली चूक दुरुस्त करू शकतो. भारत सरकारनेही १५ फेब्रुवारी २०२१ रोजी नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर करून नकाशे व भूस्थानिक माहिती यांवरील निर्बंध बरेच शिथिल केले. वहीच्या एकाच पानावर आता एकाच वेळी शेकडो हात लिहू लागले आहेत.

या बदलामुळे एक प्रश्न उभा राहतो. अशी माहिती ठेवावी कशात? साध्या फाइलीत, की डेटाबेसमध्ये? प्रश्न वरवर पाहता केवळ तंत्रज्ञांचा वाटतो. परंतु तो तसा नाही. जे. पी. नगरच्या सीमेलगत, बन्नेरघट्टा रस्त्यावर, जयदेव हृदयरोग रुग्णालय आहे. त्याजवळचा उड्डाणपूल मेट्रोच्या बांधकामासाठी २०२० मध्ये पाडण्यात आला. ज्या नकाशात ही नोंद वेळेवर झाली नसेल, तो नकाशा रुग्णवाहिकेला अस्तित्वात नसलेल्या पुलाकडे नेईल. दुरुस्ती कोणी केली, ती टिकली की नाही आणि ती वाटसरूपर्यंत किती लवकर पोचली, हे सर्व माहिती कशी साठवली आहे यावर अवलंबून असते.

नकाशामागची माहिती

पडद्यावर दिसणारा नकाशा हे एक चित्र असते. दुरुस्ती या चित्रात होत नाही; ती चित्रामागील नोंदींत होते. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये या नोंदी तीनच प्रकारच्या आहेत. पहिला प्रकार बिंदूचा. प्रत्येक बिंदूला एक क्रमांक, एक अक्षांश व एक रेखांश असतो. दुसरा प्रकार रेषेचा. रेषा म्हणजे बिंदूंच्या क्रमांकांची ओळीने मांडलेली यादी. रस्ता, नाला, इमारतीची कड ही सर्व रेषांची उदाहरणे होत. तिसरा प्रकार संबंधाचा. अनेक रस्त्यांवरून जाणारा एकच बसमार्ग, किंवा अनेक तुकड्यांनी मिळून झालेली प्रभागाची हद्द, अशा गोष्टी संबंधाने व्यक्त होतात.

या तिन्हींना खूणचिठ्ठ्या लावता येतात. जे. पी. नगरच्या दुसऱ्या टप्प्यातील ‘रंगशंकरा’ या नाट्यगृहाचे उदाहरण घेऊ. ‘प्रकार : नाट्यगृह’ ही एक चिठ्ठी, ‘नाव’ ही दुसरी, ‘कन्नड नाव’ ही तिसरी, ‘मराठी नाव’ ही चौथी. किती चिठ्ठ्या असाव्यात यावर बंधन नाही. एखाद्या बिंदूला एकही चिठ्ठी नसते, तर एखाद्याला वीस असतात.

येथे जे. पी. नगरची एक अडचण लक्षात घेतली पाहिजे. वसाहत टप्प्याटप्प्यांची, आणि रस्ते ‘मेन’ व ‘क्रॉस’ अशा क्रमांकांनी ओळखले जाणारे. एका टप्प्यातील क्रॉसचा क्रमांक दुसऱ्या टप्प्यात आणि शेजारच्या जयनगरातही पुन्हा भेटतो. म्हणून नावावरून रस्ता ओळखण्याचा नियम येथे चालत नाही. ज्याप्रमाणे एका गावात चार ‘विठ्ठल पाटील’ असले की गट क्रमांकावाचून जमिनीचा पत्ता लागत नाही, त्याचप्रमाणे नकाशातील प्रत्येक वस्तूला नावाहून वेगळा असा स्वतःचा क्रमांक असावाच लागतो. नाव बदलले तरी हा क्रमांक बदलत नाही.

सपाट फाइल

ज्या फाइलीत एका ओळीत एक नोंद असते आणि नोंदीतील रकाने स्वल्पविरामाने किंवा तशाच एखाद्या चिन्हाने वेगळे केलेले असतात, तिला सपाट फाइल म्हणतात. उदाहरणार्थ :

क्रमांक, नाव, प्रकार, ठिकाण, अक्षांश, रेखांश
१, रंगशंकरा, नाट्यगृह, जे. पी. नगर दुसरा टप्पा, १२.९१, ७७.५९
२, जे. पी. नगर, मेट्रो स्थानक, कनकपुरा रस्ता, १२.९१, ७७.५७
३, पुट्टेनहळ्ळी, तलाव, जेपीनगर सातवा टप्पा, १२.८९, ७७.५९

अशा फाइलीचे गुण सहज दिसतात. ती वाचण्यासाठी कोणतीही खास आज्ञावली लागत नाही. ती टपालाने, पेनड्राइव्हवर वा ई-मेलने पाठविता येते. ती जपून ठेवली तर वीस वर्षांनीही उघडता येईल, कारण तिच्यात अक्षरांखेरीज काहीच नाही. तिच्या सेवेला कोणी तंत्रज्ञ ठेवावा लागत नाही.

दोषही याच चार ओळींत दडलेले आहेत. पहिल्या नोंदीत ‘जे. पी. नगर’ असे लिहिले आहे, तर तिसऱ्या नोंदीत ‘जेपीनगर’. वाचणाऱ्या माणसाला दोन्ही एकच वाटतात. संगणकाच्या दृष्टीने ही दोन भिन्न गावे होत. ठिकाणाच्या नावात कोणी स्वल्पविराम लिहिला, तर पुढील सर्व रकाने एक घर सरकतात आणि अक्षांशाच्या जागी टप्प्याचा क्रमांक येऊन बसतो. अक्षांश-रेखांश दोनच दशांश स्थळांपर्यंत दिले असल्याने जागेचा अंदाज जेमतेम एक किलोमीटरच्या आत येतो. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये सात दशांश स्थळे ठेवतात. त्यातील शेवटचे स्थळ सुमारे एक सेंटीमीटरचे असते. फाइलीत मात्र किती स्थळे लिहावीत हे लिहिणाऱ्याच्या मर्जीवर राहते. फाइल काहीही तक्रार न करता सर्व काही स्वीकारते. हाच तिचा सोपेपणा आणि हाच तिचा दोष.

मराठी व कन्नड वाचकांच्या दृष्टीने आणखी एक अडचण सांगितली पाहिजे. नकाशांच्या क्षेत्रात फार काळ चालत आलेली फाइल म्हणजे ‘शेपफाइल’. तिचे नाव एकवचनी असले तरी ती किमान तीन फाइलींची जुडी असते : एकीत आकृत्या, दुसरीत त्यांची सूची आणि तिसरीत नावे-गावे. तीनपैकी एक हरवली की जुडी निकामी होते. नावांच्या फाइलीत रकान्याच्या शीर्षकाला दहा बाइट आणि मजकुराला २५४ बाइट एवढीच जागा असते. देवनागरी किंवा कन्नड लिपीतील एक वर्ण आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत तीन बाइट घेतो. म्हणजे मराठी शीर्षकाला तीनच वर्ण मिळतात. शिवाय मजकूर कोणत्या पद्धतीने लिहिला आहे हे वेगळ्या फाइलीत नोंदवावे लागते. ती नोंद राहून गेली तर ‘पुट्टेनहळ्ळी’च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटते.

एकच चौक, दोन नोंदी

आता आकृतीकडे वळू. दोन रस्ते एका चौकात मिळतात असे समजा. साध्या नकाशाफाइलींत प्रत्येक रस्ता स्वतंत्रपणे, आपल्या सर्व अक्षांश-रेखांशांसह लिहिलेला असतो. अर्थात चौकाचे अक्षांश-रेखांश दोनदा लिहिले जातात : एकदा पहिल्या रस्त्यात, एकदा दुसऱ्यात. कोणी पाहणी करून चौक तीन मीटर पूर्वेस सरकविला, परंतु ही दुरुस्ती एकाच रस्त्यात केली, तर काय होईल? कागदावर तीन मीटरांची फट डोळ्यांना दिसणारही नाही. परंतु वाट शोधणारी आज्ञावली रेषा पाहत नाही. ती जोडणी पाहते. तिच्या लेखी ते दोन रस्ते आता एकमेकांना मिळतच नाहीत. ती वाहनाला पुढच्या चौकापर्यंत नेऊन वळसा घालावयास लावील.

ओपनस्ट्रीटमॅपच्या मांडणीत ही अडचण मुळातच टाळली आहे. चौकाचा बिंदू एकदाच नोंदविला जातो. दोन्ही रस्ते त्या बिंदूचा केवळ क्रमांक लक्षात ठेवतात. बिंदू सरकला की दोन्ही रस्ते आपोआप त्याच्याबरोबर सरकतात. एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहावी आणि इतरत्र तिचा फक्त क्रमांक द्यावा, हे तत्त्व एडगर कॉड या शास्त्रज्ञाने १९७० मध्ये मांडलेल्या संबंधाधिष्ठित डेटाबेसच्या विचाराशी जुळणारे आहे.

डेटाबेस म्हणजे काय?

डेटाबेस म्हणजे केवळ मोठी फाइल नव्हे. अखेर तोही चकतीवरील फाइलींतच साठविलेला असतो. फरक असा, की त्या फाइलींना कोणी थेट हात लावू शकत नाही. प्रत्येक वाचन व प्रत्येक लेखन एका द्वारपालामार्फत होते. हा द्वारपाल म्हणजे डेटाबेस चालविणारी आज्ञावली. तो चार कामे करतो.

पहिले काम नियम पाळून घेण्याचे. रस्त्याने ज्या बिंदूचा क्रमांक दिला तो बिंदू अस्तित्वात नसेल, तर नोंद नाकारली जाते. अक्षांशाच्या रकान्यात शब्द लिहिता येत नाही.

दुसरे काम शोधण्याचे. सपाट फाइलीत सारक्की तलावाजवळची औषधांची दुकाने शोधावयाची तर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सर्व फाइल वाचावी लागते. डेटाबेस सूची ठेवतो. पुस्तकाच्या शेवटी दिलेली विषयसूची अकारविल्हे असते. परंतु जमिनीवरील जागांना ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत असा क्रम नाही. १९८४ मध्ये अँटोनिन गुटमन यांनी यावर एक उपाय सुचविला. जवळजवळच्या वस्तू एका चौकटीत बसवावयाच्या, अशा चौकटी मोठ्या चौकटीत, त्या आणखी मोठ्या चौकटीत. शोध घेताना ज्या चौकटीचा संबंध नाही ती न उघडताच बाजूला ठेवता येते. ‘पोस्टग्रेस्क्यूएल’ या डेटाबेसला नकाशाची भाषा शिकविणारी ‘पोस्टजीआयएस’ ही जोड २००१ मध्ये आली; तीत याच कल्पनेवर आधारलेली सूची वापरतात.

तिसरे काम ‘सर्व किंवा काहीच नाही’ हा नियम राखण्याचे. एका रस्त्याचे दोन तुकडे करताना जुनी रेषा आखूड होते, नवी रेषा तयार होते आणि बसमार्गाच्या संबंधात नवा तुकडा जोडावा लागतो. मध्येच वीज गेली तर? डेटाबेस या तिन्ही क्रिया मिळून एकच व्यवहार मानतो. तिन्ही पूर्ण झाल्या तरच व्यवहार पक्का होतो, नाही तर जणू काही घडलेच नाही अशी स्थिती राहते. लिहिता लिहिता तुटलेली फाइल मात्र अर्धवटच राहते.

चौथे काम सर्वांत महत्त्वाचे आहे. ते म्हणजे अनेकांना एकाच वेळी लिहू देणे. त्याचा स्वतंत्र विचार केला पाहिजे.

दोन हात, एक नोंद

समजा, पुट्टेनहळ्ळी तलावाची नकाशातील कड चुकीची आहे. सकाळी तलावाभोवती फिरणारा एक गृहस्थ पश्चिमेकडील कड दुरुस्त करण्यासाठी ती फाइल घरी नेतो. त्याच दिवशी एक विद्यार्थिनी त्याच फाइलीची दुसरी प्रत घेऊन तलावाचे कन्नड नाव घालते. संध्याकाळी विद्यार्थिनी आपली फाइल मूळ जागी ठेवते. रात्री गृहस्थ आपली ठेवतो. त्याच्या प्रतीत कन्नड नाव नव्हतेच, त्यामुळे ते नाव पुसले जाते. दोघांपैकी कोणीही चूक केलेली नाही. दोघांचेही काम प्रामाणिक होते. तरीही एकाचे काम नाहीसे झाले, आणि ते नाहीसे झाल्याचे कोणालाही कळले नाही. शेवटी ठेवणारा जिंकतो, हाच येथील अलिखित नियम.

ओपनस्ट्रीटमॅपमध्ये प्रत्येक वस्तूला आवृत्तीचा क्रमांक असतो. गृहस्थाने सकाळी तलावाची चौथी आवृत्ती नेली. विद्यार्थिनीनेही चौथीच नेली. तिची दुरुस्ती आधी पोचली म्हणून ती पाचवी झाली. रात्री गृहस्थाची दुरुस्ती ‘मी चौथ्या आवृत्तीवरून आलो’ असे सांगत दारात येते. द्वारपाल ती परत पाठवितो : चौथी आवृत्ती आता जुनी झाली, पाचवी पाहून या. गृहस्थापुढे दोन्ही आवृत्त्या ठेवल्या जातात. त्याला आपली कड आणि तिचे नाव अशी दोन्ही राखून सहावी आवृत्ती पाठविता येते.

येथे कोणाच्याही कामाला आधीपासून कुलूप लावलेले नाही, हे लक्षात घ्यावे. दोन माणसे क्वचितच एकाच वस्तूला हात लावतील असे गृहीत धरून सर्वांना मोकळीक दिली आहे. टक्कर झालीच तर ती लपवावयाची नाही, एवढाच आग्रह आहे.

फेरफाराचे तत्त्व

महाराष्ट्रातील वाचकाला ही पद्धत अगदीच अपरिचित नाही. सातबाराचा उतारा जमीन आज कोणाच्या नावावर आहे ते सांगतो. परंतु त्यावरील नाव तलाठ्याला परभारे बदलता येत नाही. वारस, खरेदी, वाटणी, काहीही झाले तरी प्रथम गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद होते. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि मगच सातबारावर नवे नाव चढते. त्या नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक लिहिलेला असतो. म्हणून तीस वर्षांनीही ‘हे नाव येथे कसे आले?’ या प्रश्नाचे उत्तर मिळू शकते.

एप्रिल २००९ मध्ये ओपनस्ट्रीटमॅपने आपली माहिती ‘मायएस्क्यूएल’मधून ‘पोस्टग्रेस्क्यूएल’ या डेटाबेसमध्ये हलविली आणि त्याच वेळी ‘बदलसंच’ ही कल्पना अमलात आणली. एका बैठकीत केलेल्या दुरुस्त्या एकत्र बांधल्या जातात. एका संचात जास्तीत जास्त १०,००० बदल मावतात. प्रत्येक संचावर करणाऱ्याचे खाते, वेळ आणि त्याने दिलेले कारण नोंदलेले असते. वस्तू पुसून टाकली तरी तिचा इतिहास शिल्लक राहतो. एखाद्याने खोडसाळपणे उद्यान पुसले, तर दुसऱ्याला ते पूर्ववत करता येते.

फरकही आहे. फेरफारात हरकत आधी आणि नोंद मागाहून पक्की होते. येथे नोंद आधी आणि हरकत मागाहून. फेरफाराला कायद्याचे बळ आहे. लोकांनी केलेल्या नकाशाला ते नाही. सारक्की तलाव सुमारे ८२ एकरांचा. एप्रिल २०१५ मध्ये जिल्हा प्रशासनाने त्याच्या हद्दीतील बांधकामे पाडली. तेथे हद्द ठरली ती महसुली अभिलेखावरून व मोजणीवरून. नागरिकांचा नकाशा अशा वादात निवाडा देऊ शकत नाही. परंतु तलावाची कड कोणत्या वर्षी कोणी कोठे दाखविली होती, हे तो सर्वांना उघडपणे सांगू शकतो. हद्दीवर कोणाचे घर, कोणाचे पाणी अवलंबून असते, तेव्हा हे सांगता येणे ही लहान गोष्ट नव्हे. ज्या साठवणीत जुनी नोंद पुसून नवी लिहिली जाते, ती साठवण या प्रश्नापुढे मुकी ठरते.

फाइल कोठे श्रेष्ठ?

इतके वाचून डेटाबेस सर्वत्रच वापरावा असा समज होईल. तो खरा नाही.

बंगळूरच्या प्रभागांच्या हद्दींचे उदाहरण पाहा. बृहत् बंगळूर महानगरपालिकेचे १९८ प्रभाग होते. २०२३ मध्ये ती संख्या २२५ करण्यात आली. आणि २०२५ मध्ये महानगरपालिकेची जागा नव्या प्राधिकरणाने व पाच महापालिकांनी घेतली. म्हणजे हद्दी बदलतात, पण काही वर्षांनी एकदा, आणि त्याही अधिसूचनेने. येथे शेकडो हात दररोज लिहीत नाहीत. ‘डेटामीट’ या स्वयंसेवकांच्या गटाने भारतातील अनेक शहरांच्या प्रभागांचे नकाशे सार्वजनिक फाइलींच्या रूपाने ठेवले आहेत. विद्यार्थी, पत्रकार, अभ्यासक त्या उतरवून घेतात. अशा कामासाठी सदैव चालणारा डेटाबेस ठेवणे म्हणजे वर्षातून एकदा लागणाऱ्या पंगतीसाठी बारमाही आचारी नेमण्यासारखे होईल.

फाइलींचा इतिहास राखण्याचीही सोय आहे. २००५ मध्ये लायनस टॉर्व्हाल्ड्स यांनी तयार केलेली ‘गिट’ ही प्रणाली फाइलीच्या प्रत्येक आवृत्तीची, बदलणाऱ्याची व कारणाची नोंद ठेवते. मात्र ती फाइलीतील ओळी ओळखते, जमीन ओळखत नाही. दोघांनी एकाच प्रभागाच्या हद्दीत केलेले बदल तिने जोडून दिले, तरी त्यातून निघणारी आकृती स्वतःलाच छेदणारी नाही याची हमी तिच्याजवळ नसते. हात मोजके असतील, तर ही उणीव माणसे बोलून भरून काढतात.

डेटाबेसचा खर्चही विसरता कामा नये. त्याला सतत चालू राहणारा संगणक लागतो, वीज लागते, आणि त्याची निगा राखणारा माणूस लागतो. त्याच्या प्रती नियमाने काढाव्या लागतात. ज्याची प्रत नाही असा डेटाबेस एका बिघाडाने संपूर्ण नष्ट होऊ शकतो. निगा राखणारा माणूस संस्था सोडून गेला की अनेक लहान संस्थांचे डेटाबेस बंद पडतात आणि त्यांतील माहिती कोणालाही उघडता येत नाही. जुन्या फाइली मात्र कपाटात तशाच असतात.

दोहोंची सांगड

मोठ्या उपक्रमांनी या दोन पद्धतींत निवड केलेली नाही. त्यांनी कामाची वाटणी केली आहे. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये दुरुस्ती डेटाबेसमध्ये होते. परंतु आठवड्यातून एकदा सर्व जगाच्या नकाशाची एकच फाइल प्रसिद्ध केली जाते, आणि दर मिनिटाला झालेल्या बदलांच्या छोट्या फाइली निघत राहतात. मोठी फाइल ज्याने एकदा घेतली, त्याला नंतर फक्त बदल जोडून आपली प्रत ताजी ठेवता येते. उद्या मूळ संगणकच नष्ट झाले, तरी जगभर पसरलेल्या या प्रतींमुळे नकाशा वाचेल. जयदेव पुलाच्या उदाहरणात २०१९ ची फाइल घेऊन थांबणारा फसेल. बदल जोडत राहणारा फसणार नाही.

दुरुस्ती करणारा माणूसही दोन्ही वापरतो. तो जे. पी. नगरचा लहानसा तुकडा डेटाबेसमधून मागवितो. एका वेळी पाव चौरस अंशापेक्षा मोठा प्रदेश किंवा ५०,००० बिंदूंपेक्षा अधिक माहिती मिळत नाही. दाट वस्तीच्या शहरात दुसरी मर्यादा आधी आडवी येते. तुकडा आपल्या संगणकावर फाइल म्हणून ठेवता येतो, रात्रभर त्यावर काम करता येते, आणि सकाळी केवळ बदल परत पाठवता येतात. घरी नेलेली फाइल ही कच्ची वही, डेटाबेस ही पक्की. कच्ची वही जितके दिवस घरी राहील, तितकी टक्कर होण्याची शक्यता वाढते. म्हणून लहान तुकडा घ्यावा, लवकर परत करावा, हा अनुभवी मंडळींचा परिपाठ आहे.

या दोहोंमधील एक वाटही आहे. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये तयार केलेला ‘एस्क्यूलाइट’ हा डेटाबेस संपूर्णपणे एकाच फाइलीत राहतो. त्यावर आधारलेले ‘जिओपॅकेज’ हे नकाशासाठीचे मानक २०१४ मध्ये स्वीकारले गेले. त्यात नियम पाळले जातात, सूची असते, व्यवहार पुरा होतो, कन्नड-मराठी नावे शाबूत राहतात. आणि तरीही ती फाइल खिशात घालून नेता येते. मर्यादा एवढीच, की एका वेळी एकच हात त्यात लिहू शकतो. ज्या ठिकाणी इंटरनेट नाही अशा गावात पाहणी करणाऱ्या छोट्या तुकडीला ही वाट सोयीची आहे.

निवड कशी करावी?

कोणत्याही संस्थेने, ग्रंथालयाने वा नागरिकांच्या गटाने नकाशाची माहिती ठेवण्यापूर्वी स्वतःला पुढील प्रश्न विचारावेत.

१. लिहिणारे हात किती? एक किंवा दोन असतील तर फाइल पुरेल. अनेक असून ते एकमेकांना ओळखत नसतील तर डेटाबेस हवा.
२. माहिती किती वेळा बदलते? वर्षातून एकदा, की रोज?
३. नोंदी एकमेकींवर अवलंबून आहेत काय? उद्यानातील बाकांची यादी सपाट असते. रस्त्यांचे जाळे सपाट नसते.
४. ‘हे कोणी, केव्हा, का बदलले?’ हा प्रश्न कोणी विचारण्याची शक्यता आहे काय? असल्यास इतिहास न ठेवणारी कोणतीही पद्धत निवडू नये, मग ती फाइल असो वा डेटाबेस.
५. निगा कोण राखणार, आणि तो गेल्यावर कोण?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर मिळत नसेल तर एक सोपा मार्ग आहे. जे. पी. नगरमधील एखाद्या मंडळाला आपल्या परिसरातील पाणवठे, दवाखाने, पायवाटा नोंदवावयाच्या असतील, तर त्याने स्वतःचा डेटाबेस उभारण्याऐवजी आधीच चालू असलेल्या सार्वजनिक नकाशात नोंदी कराव्यात आणि आपल्या भागाची फाइल ठरावीक काळाने उतरवून ठेवावी. दुरुस्तीसाठी द्वारपाल मिळतो, आणि जतनासाठी प्रतही हाती राहते.

लॅम्बटनच्या काळी वहीतील आकडा शंकास्पद वाटला तर सर्वेक्षक पुन्हा टेकडीवर चढून कोन मोजू शकत असे. म्हणूनच कोणत्या जागेवरून काय पाहिले हे लिहून ठेवणे त्याला अत्यावश्यक वाटे. आज साधने बदलली, लिहिणारे हात वाढले, पण ही गरज बदललेली नाही. फाइल असो की डेटाबेस, ज्या नकाशात चूक सुधारण्याची वाट उघडी आहे आणि सुधारणाऱ्याचा माग शिल्लक राहतो, त्याच नकाशावर लोकांनी विश्वास टाकावा.